ओढाळ कुसळ

तरसवाडीची एसटी हल्ली भरून येई आणि रिकामी परत जाई. आधीची कित्येक वर्षं नेमकं उलटं चाललं होतं, त्यामुळे आपण भलत्याच गावात तर आलो नाही ना, अशी कंडक्टरला शंका यायची. पुण्यात, सांगलीत, हैदराबादेत बस्तान बसवलेली पोरं फाट्यावर उतरत आणि घरी न जाता थेट मोठ्या माळावर जात. माळ तेव्हा काळाठिक्कर पडला होता. फाल्गुनातल्या वणव्याने त्यावरचं गवत झाडून खाल्लं होतं. त्या राखेत ही शिकलीसवरली पोरं फतकल मारून बसत, मग उठून फिरत, मग पुन्हा बसत, आणि नुकता पगार झाल्यासारखा चेहरा करून संध्याकाळी घरी येत. रजा किती आहे असं आईने विचारलं, की बघू म्हणत.

हा प्रकार सगळ्यांत आधी जालिंदर खरात याच्या नजरेत आला. गाव त्याला तात्या म्हणे. साठीला टेकलेला, मेंढरं बाळगून असलेला आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत राखून असलेला हा माणूस. त्याचं एकच दुखणं होतं आणि ते गावाला पाठ होतं. त्याची बायको सारिका त्याला सोडून सांगलीला लेकीकडे राहायला गेली होती. भांडण तसं फार मोठं नव्हतं. तिला माळावरचा वारा सोसवेना, त्याला माळ सोडवेना, आणि एके दिवशी तो तावातावाने म्हणाला, जायचंय तर जा. हे वाक्य नवऱ्याने म्हणायचं असतं आणि बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असतं, अशी त्याची समजूत होती. सारिकाने ते नीट ऐकलं आणि पिशवी भरली. तेव्हापासून ती यावी म्हणून तो मनातल्या मनात झुरत होता, पण ये असं म्हणायची त्याची तयारी नव्हती. एवढ्या मोठ्या माळावर हिंडणाऱ्या माणसाचं मन इतकं चिमूटभर असावं, याचं गावाला नवल वाटे.

तर शेजारच्या स्नेहलकाकींचा अथर्व हैदराबादची नोकरी टाकून राखेत लोळताना दिसला, तेव्हा तात्या काठी टेकत थेट समाजमंदिरात गेला. तिथे डॉ. नाझनीन मुजावर राहत होत्या. त्या मिरजेच्या. गवत हा त्यांचा विषय, आणि जळालेला माळ पुन्हा उभा करणं हे त्यांचं काम.

त्यांचं काम काय होतं ते इथे सांगितलं पाहिजे. माळावरचं गवत म्हणजे नुसता चारा नव्हे. वर वीतभर दिसणारं गवत खाली हातभर मुळं सोडून असतं, आणि त्या मुळांच्या मुठीत माळाची माती असते. गवत जळालं, मुळं सैल झाली, की पहिल्याच मोठ्या पावसात ती माती निघते आणि उतारावरून गावच्या तलावात जाऊन बसते. माळ बोडका होतो, तलाव गाळाने भरतो, आणि गाव दोन्हीकडून मरतं. म्हणून पावसाच्या आत माळावर त्याचंच बी पेरायचं होतं. पवन्या, मारवेल, कुसळी, जे तिथे पूर्वापार उगवत आलं तेच. बी टाकायला ड्रोन होते. पण वरून टाकलेलं बी वारा नेतो आणि वाऱ्याने सोडलेलं मुंग्या नेतात. बियाला खूर लागतो. मेंढरांनी राखेत फिरून ते तुडवलं तर ते रुजतं. आणि जिथे हिरवं पान नाही तिथे मेंढी पाऊल टाकत नाही. इथेच सगळं घोडं अडलं होतं.

मॅडमनी त्यावर उपाय काढला होता. कुसळी गवताचं बी तुम्ही पाहिलं असेल. पाहिलं नसलं तरी पायजम्यातून ते तुम्हाला बोचलं असेल. पुढे टोकदार नाक, मागे लांब शेपटी. हवा दमट झाली की शेपटीचा पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या पीळ सुटण्या-बसण्यात बी स्वतःला जमिनीत घुसवून घेतं. निसर्गाने फुकट दिलेलं हे गिरमिट. मॅडमनी त्याच्या पाठीवर इतर गवतांचं बी चिकटवलं आणि शेपटीत बुरशीचा एक बारीक धागा गुंफला. कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकलं, की हा धागा जळालेल्या मातीचा वास ओळखी. वास जवळ आला की तो एक रस सोडी. तो कातडीतून आत जाई आणि मेंढीला वाटे, पोचलो बुवा घरी. वास लांब गेला की रस आटे आणि मेंढीला हुरहुर लागे. मग ती आपण होऊन पुन्हा वासाकडे वळे. मॅडमनी या रसाला ओढरस असं नाव दिलं होतं, कारण त्याचं शास्त्रीय नाव एका ओळीत मावत नव्हतं. दुसऱ्याच्या रानात घुसणाऱ्या जनावराला लोक ओढाळ म्हणतात. गावाने ते नाव बियाला दिलं. ओढाळ कुसळ.

"म्हंजे मेंढीला सासुरवाशिणीगत माहेराची ओढ लागती म्हना की," तात्या सगळं ऐकून म्हणाला.

"तशीच. फक्त माहेर कुठलं ते आपण ठरवायचं."

"आन् मानसाला?"

"माणसावर परिणाम होत नाही. आम्ही तपासलंय. मिरजेच्या प्रयोगशाळेत आठवडाभर मी स्वतः कुसळं अंगावर लावून बसले होते. काहीसुद्धा..." मॅडम बोलता बोलता थांबल्या. प्रयोगशाळेत जळालेली माती नव्हती. ओढायचं कुठे, हेच कुसळाला तिथे कळलं नसणार. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. माळावर अथर्व कूस बदलत होता.

त्यानंतरचं कोडं उलगडायला वेळ लागला नाही. बियांची पोती आली तेव्हा ती उन्हात पसरायला गावाने आपापली घोंगडी दिली होती. उन्हाळ्यात मेंढरांचं कातरण झालं की तरसवाडीतल्या आया परगावच्या मुलांना घोंगडं धाडतात. मुलं ते सोफ्यावर टाकतात नाहीतर कुत्र्याखाली घालतात, पण आया धाडतात. या वर्षी धाडलेल्या घोंगड्यांत कुसळं होती. घोंगड्यात कुसळ असणं ही तरसवाडीत कोणी मनावर घेण्यासारखी गोष्ट नव्हे. मेंढीच्या अंगावरून कुसळ राखेत गळून पडतं, विणलेल्या लोकरीतून मात्र ते निघत नाही. शिवाय जळालेल्या मातीचा वास कणभर का होईना, फार दूर जातो. हे मॅडमना माहीत होतं. पण मेंढी हैदराबादेत नोकरीला नसते, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

मॅडम घाबरल्या. घोंगडी परत मागवायला हवीत, म्हणाल्या. तात्याच्या मनात भलतंच काही चाललं होतं.

"येक सांगा म्याडम. त्यो रस आत गेला, मानसाला वाटलं घरी जावं. ती ओढ खरी का खोटी?"

"रस बाहेरून काही आणत नाही हो. घरी पोचल्यावर जे आपल्या शरीरात आपोआप होतं, तेच तो जागं करतो. मोजायला गेलं तर फरक दिसत नाही."

"फरक न्हाई," तात्या म्हणाला. त्याला एवढंच ऐकायचं होतं.

घरी जाऊन त्याने सगळ्यांत जास्त कुसळं अडकलेलं घोंगडं निवडलं आणि एसटीच्या कंडक्टरबरोबर सांगलीला धाडलं. थंडीला होईल, असा निरोप दिला. वैशाख चालू होता. सांगलीत माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन हिंडत होती. पण निरोप गेला तो गेलाच. रात्री पडल्या पडल्या आपण काय केलं हे तात्याला कळलं आणि थोडी लाजही वाटली. मग त्याने कूस बदलली. लाजेच्या बाबतीत तो तसा सोशिक होता.

आठवड्याच्या आत सारिका आली. खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी, अंगावर घामाच्या धारा आणि चेहऱ्यावर हसू. तात्या ओट्यावर बसून भलतीकडेच पाहत होता. त्याला ते फार वेळ जमलं नाही.

"कशी काय?"

"सहज. वाटलं यावं," सारिका म्हणाली. "लेक म्हणाली, आई, एवढ्या उन्हात कुठं चाललीस. मी म्हटलं, घरी."

घरी हा शब्द तिने इतक्या वर्षांत या जागेबद्दल कधी वापरला नव्हता. तात्याला भरून आलं. ते लपवायला तो उगाच एका मेंढीवर ओरडला.

मग तरसवाडीला जे दिवस आले ते पूर्वी आले नव्हते आणि पुढे येतील की नाही कोण जाणे. घोंगडी परत मागवायचा मॅडमचा बेत आयांनी हाणून पाडला. त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, आणि समजल्यामुळेच त्यांनी घोंगडी दिली नाहीत. स्नेहलकाकींनी तर अथर्वच्या बनियनच्या शिवणीत चार कुसळं आतून टाके घालून बसवली. रोज संध्याकाळी सगळं गाव माळावर फिरायला जाई, पुढे मेंढरं आणि मागे इंजिनियर. सारखंच तुडवत, सारख्याच समाधानाने. बी राखेत दाबलं गेलं. वळवाच्या सरींनी कोंब वर काढले होते, मोठा पाऊस आला तो नंतर. माळाने आपली माती धरून ठेवली. तलावात पाणी नितळ उतरलं. श्रावणात पवन्या गुडघ्याला लागला आणि वरून पाहणी करायला आलेल्या साहेबांनी मॅडमचे फोटो काढून नेले.

सारिकाने चुलीपुढची भिंत सारवली, मेंढरांना नावं दिली, वाऱ्याला शिव्या देणं सोडलं. संध्याकाळी दोघं माळावर बसत. तात्या बोलत राही आणि ती ऐकत राही. तिला तो कंटाळवाणा वाटत नाही हे पाहून त्याला स्वतःबद्दल नव्याने आदर वाटू लागला. कधी कधी तिच्या निऱ्यांत अडकलेलं कुसळ त्याला दिसे. तो दुसरीकडे पाही.

पण कुसळ ओढतं ते जळालेल्या मातीच्या वासाकडे, आणि मॅडमचं काम होतं तो वास घालवायचं. गवत जसजसं दाटलं तसतसा तो गेला. दिवाळीत पहिल्यांदा अथर्व म्हणाला, इथे नेटवर्क फार वाईट आहे. ते उन्हाळ्यातही तसंच होतं, पण तेव्हा त्याला ते खटकलं नव्हतं. मग एकेकाला रजा संपल्याची आठवण झाली. रुसवे नाहीत, भांडणं नाहीत. माणसं झोपेतून उठावीत तशी उठली आणि निघाली. एसटी पुन्हा रिकामी येऊन भरून जाऊ लागली. आया फाट्यापर्यंत पोचवायला जात आणि परतताना एकमेकींशी बोलत नसत.

सारिका थंडीभर राहिली. माघ उजाडला तसं तिचं बोलणं कमी झालं. एकदा भाकरी थापता थापता ती थांबली आणि तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपली.

"ते घोंगडं तुम्ही मुद्दाम धाडलं होतं ना?"

तात्याने हो म्हटलं. खोटं बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, पण हो बाहेर पडलं. आता ती संतापेल म्हणून तो खाली मान घालून बसला. ती संतापली नाही.

"राग आला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "ऐका. उन्हाळा, पावसाळा मी इथं सुखात होते. ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. तुमच्याजवळ बसले की बरं वाटायचं. आता तुम्ही तेच, मी तीच, ओटा तोच. आणि रोज सकाळी उठून मी आत शोधते, तर ते सापडत नाही. मला इथं राहावंसं वाटायला हवंय. वाटत नाही."

तात्याच्या काळजात काहीतरी तुटलं. ती सोडून गेली होती तेव्हासुद्धा इतकं तुटलं नव्हतं. तेव्हा निदान तिच्यावर रागावता येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला आणि आढेवेढे घेत विचारलं, माळ न जळता नुसता तो रस मिळत नाही का. मॅडम म्हणाल्या, नाही. धाग्याला जळालेल्या मातीचा वासच लागतो. मग त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी वणवा लागला तर नवी मुळं अजून कोवळी आहेत, ती पार जळून जातील आणि माती पावसाबरोबर निघून जाईल, असं त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मग कितीही बी आणलं तरी ते रुजवायला माळ उरणार नाही. तात्या म्हणाला, आपलं सहज विचारलं.

फाल्गुन लागला. गवत सोनेरी होऊन कमरेला आलं होतं आणि हात लावला तर मोडत होतं. सारिकाने पिशवी भरायला घेतली. त्या दिवशी ऊन कलल्यावर तात्या माळावर गेला. खिशात काडेपेटी होती. आपण ती का घेतली याचा विचार करायचा नाही, असं ठरवून तो चालत होता.

उतारावर स्नेहलकाकी उभ्या होत्या. फिरायला आले, म्हणाल्या. त्यांना गुडघेदुखी होती आणि घरापासून इथवर चढण होती. पलीकडच्या धोंड्याआडून चव्हाणांची म्हातारी निघाली. तीही फिरायलाच. मग सरपंच दिसले, मग त्यांची बायको दुसऱ्या वाटेने आली, आणि नवराबायको एकमेकांना पाहून चपापली. पाहता पाहता गवतात बरीच माणसं झाली. शेवटी सरपंचांनी शांतता मोडायला म्हणून कोणाकडे काडेपेटी आहे का विचारलं, आणि सगळ्यांचे हात एकदम खिशाकडे गेले. तात्याला आठवलं, गावात विडी ओढणारा आता एकही उरलेला नव्हता.

राखण करायला म्हणून मॅडमही आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना चार शब्द सुनावले. मुलं अशी धरून ठेवायची असतात का, विचारलं. बोलताना त्यांनी हातवारे केले, तेव्हा खांद्यावरच्या पर्समध्ये काहीतरी खुळखुळलं. मॅडमनी पर्स काखेत घट्ट दाबली. मागच्या उन्हाळ्यात परदेशातली मोठी नोकरी नाकारून त्या आनंदाने समाजमंदिरात राहिल्या होत्या, आणि आता महिनाभर त्यांना झोप लागत नव्हती, हे गावाला कुठे माहीत होतं. सगळे माना खाली घालून एका रांगेत घरी परतले. कोणी कोणाला मागे राहू दिलं नाही.

सकाळी सारिका निघाली. तात्याने आयुष्यात पहिल्यांदा तिची पिशवी स्वतः उचलली आणि फाट्यापर्यंत गेला. पिशवी फुगली होती, कारण तळाशी घोंगडं होतं. ती म्हणाली, सांगलीत पहाटे गारवा असतो अजून, असू दे. तेव्हा त्याने म्हणायला हवं होतं, ते इथेच ठेव. शब्द जिभेवर आले होते. तो म्हणाला, "असू दे."

एसटी गेली. तिचा आवाज घाटात विरेपर्यंत तो उभा राहिला. जाऊ दिलं, असं तो स्वतःशी दोनदा म्हणाला आणि त्याला थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं. मग तो वळला.

माळाच्या पलीकडच्या टोकाला धूर निघत होता. आधी पांढरा, मग करडा, मग त्याखाली लाल जीभ. कोणी लावला, कोण मागे राहिलं होतं, हे तरसवाडीत पुढेही कोणी कोणाला विचारलं नाही. त्या क्षणी मात्र लोक ओरडत धावत सुटले. मॅडम अनवाणी पळत होत्या. तात्याने कडुलिंबाची एक मोठी डहाळी मोडली. वणवा झोडपून विझवायचा असतो, आणि सुरुवातीलाच चार माणसं जास्त मिळाली तर तो विझतो. तो दहा पावलं पळालाही.

मागून एसटीचा भोंगा वाजला. गाडी घाटातून मागे वळून आली होती. ड्रायव्हर सांगत होता, पॅसेंजरनीच वळवायला लावली, सगळ्यांना एकदम काहीतरी विसरल्यासारखं वाटलं. दार उघडलं आणि सारिका उतरली. घोंगडं तिच्या खांद्यावर होतं, कपाळाला घाम होता, आणि तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू परत आलं होतं. धुराकडे तिने एकदा पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे स्वच्छ होते आणि त्यांत कुठलाही प्रश्न नव्हता.

"आवो, कुठं निघाला?" ती म्हणाली. "मी घरी आले."

वर माळावरून कोणीतरी तात्याच्या नावाने हाका मारत होतं. माणसं कमी पडत होती. तात्याने डहाळी खाली टाकली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.